वस्तुसंग्रहालयातील व्याख्यान आणि आपली दृष्टी

समकालीन कला आपल्याला समजत नाही, असे आपले अनेक कार्यकर्ते व विद्यार्थी बोलून दाखवतात. काही जण त्यापुढे जाऊन, ती रिकामटेकड्यांची चैन आहे, असे म्हणून विषय संपवतात. या दोन्ही भूमिकांच्या तळाशी एकच गृहीत आहे : कलेची जाण उपजत असते; ती काहींच्या रक्तात असते, काहींच्या नसते. हे गृहीत आपल्या ओळखीचे आहे. विद्येविषयीही आपल्याला हेच ऐकवले गेले होते. वस्तुस्थिती अशी, की वाचणे जसे शिकावे लागते तसेच पाहणेही शिकावे लागते. वस्तुसंग्रहालयात कलाकृतींसमोर उभे राहून जी व्याख्याने होतात, ती या शिक्षणाची शाळा होऊ शकतात. कशी, ते एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मेरिलँड हिस्टॉरिकल सोसायटी ही १८४४ साली स्थापन झालेली संस्था. फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने १९९२ साली तिथे 'मायनिंग द म्यूझियम', म्हणजे संग्रहालयाचे खोदकाम, हे प्रदर्शन मांडले. संस्थेच्याच संग्रहातील वस्तू घेऊन त्याने त्यांची मांडणी बदलली. एका काचेच्या कपाटात नक्षीदार चांदीची भांडी आणि त्यांच्यामध्ये गुलामांच्या लोखंडी बेड्या. पट्टीवर मजकूर एवढाच : धातुकाम, १७९३ ते १८८०. दुसरीकडे उंची खुर्च्या, फटके मारण्याच्या खांबाकडे तोंड करून ठेवलेल्या. आणखी एका ठिकाणी तीन गोऱ्या पुरुषांचे अर्धपुतळे आणि त्यांच्याजवळ तीन काळे, रिकामे चौथरे. त्यांवर नावे होती फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन आणि बेंजामिन बॅनेकर. तिघेही मेरिलँडच्याच भूमीत जन्मलेले. पण त्यांचे पुतळे संग्रहात नव्हते.

अशा मांडणीसमोर उभा असलेला व्याख्याता काय करतो, यावर सारे अवलंबून आहे. 'ही संकल्पनात्मक कला आहे' असे सांगून तो पुढे सरकला, तर ऐकणाऱ्याच्या पदरात एक जड शब्द पडतो, दुसरे काही नाही. उलट त्याने विचारले, की येथे कोणकोणत्या वस्तू दिसतात? त्या कोणाच्या हातांनी घडल्या? चांदी विकत घेण्याइतका पैसा कोणाच्या श्रमातून आला? इतकी वर्षे भांडी दर्शनी भागात आणि बेड्या कोठारात का होत्या? मग प्रेक्षक स्वतःच म्हणतो, की भांडी आणि बेड्या एकाच व्यवस्थेच्या वस्तू आहेत. ही त्याची स्वतःची समज असते, आणि म्हणून ती टिकते.

हे प्रश्न विचारायला कलाशाळेची पदवी लागत नाही. ज्याने किंवा ज्याच्या आईबापांनी हातांनी कष्ट केले आहेत, त्याला वस्तूमागचे हात लवकर दिसतात. ही आपली उणीव नव्हे, भांडवल आहे.

मात्र एक धोका ओळखला पाहिजे. व्याख्याता हा कलाकृती आणि माणूस यांच्यामधला नवा पुरोहित होता कामा नये. अर्थ एकाने सांगावा आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात, ही पोथी ऐकण्याची रीत झाली. याच विल्सनने न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील मार्गदर्शकांना एकदा दालने दाखवण्यासाठी बोलावले. आधी भेटून तो निघून गेला आणि पहारेकऱ्याचा गणवेश घालून ठरल्या जागी उभा राहिला. त्यांतल्या कोणीही त्याला ओळखले नाही. कला समजावून सांगणाऱ्यांच्या नजरेतूनही माणूस असा निसटतो.

आपल्याकडे भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमाती व धंदे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या प्रतिमा तिथे आहेत. २००८ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले. तेव्हापासून समकालीन कलावंतांनी या जुन्या संग्रहाला उत्तर म्हणून तिथे आपल्या कृती मांडल्या आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा जागी न्यावे. व्याख्यान ऐकावे, पण त्याआधी दहा मिनिटे नुसते पाहू द्यावे. नंतर विचारावे : या माणसांना जातीचे आणि धंद्याचे नाव आहे, स्वतःचे नाव का नाही? कोणी कोणाकडे पाहून हे घडवले?

पुस्तकांवरचा मक्ता आपण मोडला. आता दृष्टीवरचा मक्ताही मोडला पाहिजे. त्यासाठी दालनात हात वर करून पहिला प्रश्न आपण विचारला पाहिजे.