परसातील कोंबड्या व मानमोडीची लस

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी परसात दहा-पाच कोंबड्या सांभाळणाऱ्या कुटुंबास त्यांच्यावर निराळा खर्च सहसा करावा लागत नाही. खळ्यावर सांडलेली ज्वारी, उकिरड्यातील किडे आणि घरातील खरकटे यांवर देशी कोंबडी आपले पोट भरते, वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते आणि खुडूक बसली म्हणजे २१ दिवसांत पिलेही काढते. घरातील स्त्रीच्या हाती स्वतःचा म्हणता येईल असा पैसा पुष्कळदा एवढाच असतो.

मांजर, मुंगूस व घार एखाददुसरे पिलू नेतात. रात्री खुराड्याचे दार घट्ट लावावे व पिले लहान असेतो ती डालग्याखाली ठेवावीत. खुराड्याच्या भेगांत गोचीड दडतात. भेगा लिंपून चुन्याचा हात द्यावा. परंतु सारे खुराडे आठवड्याभरात रिकामे करणारा रोग म्हणजे मानमोडी. १९२७ साली हा रोग कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला, म्हणून त्यास राणीखेत असेही म्हणतात. कोंबडी सुस्त होते, हिरवट हगते, श्वास घेताना घरघर होते, पाय लुळे पडतात व मान पिळवटते. हा विषाणूजन्य रोग असल्याने त्यावर औषध नाही. लस हाच उपाय होय.

लस दुर्मीळ नाही आणि महागही नाही. अडचण निराळीच आहे. एका कुपीत बहुधा शंभर कोंबड्यांपुरती लस असते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, बर्फातूनच आणावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कुपी फोडावी कोणी? म्हणून कोणीच फोडत नाही. येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे व पशुसखीचे खरे काम आहे. दहा-बारा घरांची यादी करून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यास आधी कळवावे आणि पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वीच आळीत पोहोचावे. एकदा कोंबड्या बाहेर पडल्या की त्या हाती लागणे कठीण, हे सांगावयास नकोच.

पाच ते सात दिवसांच्या पिलांच्या डोळ्यात वा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब सोडतात. सहा ते आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस पंखाखाली, कातडीखाली अर्धा मिलिलिटर टोचतात. जंताचे औषध आठवडाभर आधी द्यावे. आजारी पक्ष्यास लस टोचू नये. अंगी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. यास्तव उन्हाळ्यापूर्वीची फेरी होळीआधीच उरकावी.

कोंबडी मलूल दिसताच ती आठवडी बाजारात स्वस्तात विकण्याची रीत सर्वांत घातक आहे. तिच्याबरोबर रोगही दुसऱ्या गावी जातो. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. मेलेली कोंबडी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी.

अनेक पक्षी एकाएकी मेले तर ती मानमोडीच असेल असे धरून चालू नये. जानेवारी २०२१ मध्ये याच जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्या, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी मृत पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये व त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.