आधी गावाने पैसे काढायचे

1906 साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. मुलं शाळेत बसली, अक्षरं गिरवू लागली. पण शाळा सुटल्यावर पोरगं वाचणार काय? गावात छापील कागदच नसेल तर चार वर्षांत शिकलेलं सगळं पुसलं जाणार. संस्थानाचे राजे सयाजीराव महाराज यांना ही अडचण दिसली आणि 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डेन नावाचे ग्रंथपाल आणले. काम काय, तर अख्ख्या संस्थानाला पुस्तकं पुरवायची! त्यासाठी बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं आणि महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची सुमारे 20 हजार पुस्तकं त्यात घातली.

इथपर्यंतची गोष्ट उदार राजाची. गंमत पुढच्या आराखड्यात आहे. ग्रंथालय हवं असेल तर गावाने आधी स्वतः पैसे गोळा करायचे. ते जमले की तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे आणि तेवढेच सरकारने. खेडं, तालुक्याचं गाव, प्रांताचं गाव यांच्यासाठी या रकमेची मर्यादा वेगवेगळी. खेड्यासाठी ती वर्षाला 100 रुपयांची. म्हणजे शंभर जमवणाऱ्या खेड्याच्या हाती तीनशे! पण सुरुवात गावाची. फुकट मिळालेल्या कपाटाला कुलूप लागतं, वर्गणी दिलेला माणूस मात्र पुस्तक मागायला येतोच. आजच्या किती योजनांना हे सुचतं?

आणि ज्या गावाला एवढंही झेपणार नाही त्याचं काय? त्याच्यासाठी फिरती पेटी. मजबूत लाकडी खोका, त्यात निवडक पुस्तकं. ती वाचून झाली की पेटी परत जायची आणि दुसरी यायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. इथे कोण काय करणार, पैसा कोणाचा, माल कसा पोचणार, सगळं ठरलेलं. आपल्याकडच्या बैठका ‘बघू या, करू या’वर उठतात, तसं नाही.

पण हे चालवणार कोण? बोर्डेन काही जन्मभर बडोद्यात राहणार नव्हते. म्हणून 1911 मध्येच त्यांनी ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला. पुढच्या वर्षी ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघालं, इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीतही. 1913 साली बोर्डेन परत गेले, तेव्हा काम थांबलं नाही. जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते हातात घेतलं.