वुहान : घाटावरची न्याहारी

वुहानचं नाव 2020 मध्ये जगभर झालं ते साथीमुळे. 23 जानेवारी ते 8 एप्रिल शहर बंद होतं, तेवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. या शहराची त्याआधीची दीडशे वर्षं समजून घ्यायची, तर मी न्याहारीपासून सुरुवात करीन.

यांगत्सेला हान नदी मिळते तिथे वुचांग, हानकौ आणि हानयांग अशी तीन शहरं होती; त्यांचंच पुढे वुहान झालं. 1861 मध्ये हानकौ बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. चहा इथे उतरायचा, रशियन व्यापाऱ्यांच्या कारखान्यांत दाबून त्याच्या विटा व्हायच्या. 1906 मध्ये बीजिंगहून थेट रेल्वे आली. नावाडी, हमाल, गोदामातले कामगार, सगळ्यांनाच सकाळी घाई. त्यांना हवं होतं झटपट मिळणारं, पोटाला दुपारपर्यंत आधार देणारं खाणं.

रगानम्येन हा त्यातला मानाचा पदार्थ. गव्हाच्या, क्षार घातलेल्या जाड शेवया जवळजवळ शिजवून, तेल चोळून, पसरून गार करतात. गिऱ्हाईक आलं की झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवायच्या, निथळून वाडग्यात टाकायच्या. वर तिळाचं दाट वाटण, सोया सॉस, खारवलेल्या मुळ्याचे तुकडे, कांद्याची पात. रस्सा नाही. वाडगा हातात पडताच ढवळायचा. उशीर केला तर वाटणाचे गोळे होतात. लोक तो चालता चालताच संपवतात.

शेजारीच दौपी मिळते: तांदूळ-मुगाचा पातळ पापुद्रा, अंड्याचा थर, आत चिकट भात, मांस, बांबूचे कोंब. म्येनवो आपल्या मेदूवड्यासारखा, पण मधे पातळ आणि कुरकुरीत. उत्तरेचा गहू आणि दक्षिणेचा तांदूळ एकाच गल्लीत मिळावेत, हे या शहराच्या जागेचंच देणं आहे.

याच जागेमुळे मोठ्या घडामोडीही इथे झाल्या. 1911 च्या ऑक्टोबरात वुचांगमध्ये बंड झालं आणि त्यातून चीनची छिंग राजवट कोसळली. 1938 मध्ये जपानी फौजा चालून येत असताना चीनच्या मदतीला निघालेलं भारतीय वैद्यकीय पथक हानकौत पोहोचलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ऑक्टोबरअखेर शहर पडलं, तोवर पथक पुढे निघालं होतं. कोटणीसांची गोष्ट सांगताना आपण थेट कम्युनिस्टांच्या तळाला, यानानला पोहोचतो, हानकौ मागेच राहतं. मला ही उणीव वाटते.

1957 मध्ये यांगत्सेवर पहिला मोठा पूल झाला. तोवर रेल्वेचे डबेही बोटीत चढवून पलीकडे न्यावे लागत.

रस्त्यावरची न्याहारी घाईची, घरातलं जेवण मात्र निवांत. हिवाळ्यात कमळकंद आणि डुकराच्या बरगड्या मातीच्या भांड्यात तासन् तास रटरटतात. पाहुणा आला की हे सूप हवंच. कंद आजूबाजूच्या तळ्यांतून येतात. शहर वाढत गेलं तशी 1950 नंतर वुहानची कित्येक तळी बुजवली गेली, आणि पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबू लागलं. आता उरलेल्या तळ्यांना कायद्याचं संरक्षण आहे.