अण्णांची काठी

तुमच्या घरात काठी आहे का हो? ‘म्हातारपणाची काठी’, ‘आंधळ्याची काठी’ हे शब्दप्रयोग आपण पुस्तकात शिकतो, वाक्यात उपयोगही करतो. पण खरीखुरी काठी बहुतेक घरांत दाराआड, छत्र्यांच्या मागे अंग चोरून उभी असते.

आमच्या घरी तर ती आणायलाच बंदी होती! माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, डावा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, “काठी घेऊन रोज थोडं चाला.” अण्णा म्हणाले, “काठी घेतली की उद्यापासून सगळे मला म्हातारा म्हणतील.” मग त्यांनी चालणंच सोडलं. आधी संध्याकाळची बाग बंद झाली, मग वाचनालय, मग कोपऱ्यावरचं दूध आणणंही. दिवसभर खुर्ची आणि खिडकी! गुडघ्यापेक्षा मला याचीच काळजी वाटू लागली.

त्या वर्षी जूनच्या वादळात आमच्या सोसायटीतल्या पेरूच्या झाडाची मोठी फांदी मोडून पडली. माझी पाचवीतली मुलगी म्हणाली, “आपणच आजोबांना काठी करूया ना! घरची काठी ते नाही म्हणणार नाहीत.” फांद्या उचलायला आलेल्या कामगारांना विचारून आम्ही दोन सरळ तुकडे मागून घेतले. मित्रांनो, काठीसाठी उभ्या झाडाला मात्र हात लावायचा नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. आणि काठीसाठी तशी गरजही नसते. पावसाळ्यात कितीतरी फांद्या आपोआप पडतात.

पेरूचं लाकूड चिवट असतं, म्हणून ते अवजारांच्या दांड्यांनाही वापरतात. आम्ही निवडलेली फांदी साधारण इंचभर जाडीची होती आणि तिच्या एका टोकाला आडवी फांदी फुटलेली होती. ती झाली मूठ! अशा ठिकाणी लाकडाचे धागे वळून सलग गेलेले असतात. त्यामुळे खिळे ठोकून बसवलेल्या मुठीपेक्षा ही मूठ भक्कम असते.

पण घाई नडली. पावसाने उघडीप दिल्याबरोबर आम्ही पहिल्या फांदीची साल काढली आणि ती गच्चीवर उन्हात ठेवली. पंधरा दिवसांत दोन्ही टोकांना वीतवीत चिरा! असं का झालं? ओल्या लाकडातलं पाणी टोकांकडून फार लवकर निघून जातं, मधून सावकाश जातं. टोकं आधी आकसतात आणि फाटतात. नशीब, दुसरी फांदी सालीसकट जिन्याखाली पडून होती. तिच्या टोकांना आम्ही मेणबत्तीचं मेण वितळवून लावलं आणि ती सावलीत आडवी ठेवली.

दर महिन्याला ती वाण्याच्या तराजूत तोलायची, हे काम मुलीकडे. आकडा दर वेळी थोडा थोडा उतरत गेला. संक्रांतीच्या सुमारास लागोपाठ दोन महिने वजन तेवढंच भरलं, तेव्हा समजलो की फांदी वाळली. सात महिने लागले!

पुढचं काम सोपं. साल खरवडली, गाठी कानशीने घासल्या, मग आधी जाड आणि नंतर बारीक पॉलिश पेपर फिरवला. जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. एक मात्र मोठ्या माणसांनी ध्यानात ठेवावं. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये. तेल वाळताना उष्णता निघते आणि असा बोळा आपोआप पेटूही शकतो. चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात. करवत आणि चाकूही मोठ्यांच्याच हाती.

आता उंची. अण्णांना बाहेरच्या चपला घालून ताठ उभं केलं. हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथपर्यंत काठीची मूठ यायला हवी. म्हणजे काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. आम्ही खालच्या रबरी टोपणाची जाडी धरायला विसरलो आणि काठी उंच झाली. पुन्हा करवत चालवली. लांब काठी कापता येते, आखूड काठी वाढवता येत नाही, म्हणून आधी थोडी जास्तच ठेवावी.

आता एक कोडं. अण्णांचा डावा गुडघा दुखतो, तर काठी कोणत्या हातात धरायची? वर्गात विचारलं तर सगळी मुलं म्हणाली, “डाव्या!” उत्तर आहे, उजव्या. करून पाहा. टेबलाजवळ डाव्या पायावर उभे राहा. आधी डाव्या हाताची बोटं टेबलावर टेका, मग फिरून उजव्या हाताची. उजव्या हाताने तोल जास्त सहज सावरतो. डावा पाय टेकला की उचललेल्या उजव्या बाजूला शरीर झुकू पाहतं. तिथेच काठीचा आधार मिळाला की डाव्या पायावरचा भार हलका होतो. म्हणून काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाकायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

काठीला आम्ही तेल दिलं, पण पांढरा रंग दिला नाही. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या दृष्टी गेलेल्या छायाचित्रकाराने गाड्यांच्या चालकांना दिसावी म्हणून आपली काठी पांढरी रंगवली. आज पांढरी काठी ही दृष्टिहीनांची खूण आहे. १५ ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस मानतात. ती दिसली की गाड्यांनी थांबायचं असतं. ज्याला दिसतं त्याने ती खूण घेऊ नये.

काठी तयार झाली. अण्णा नुसते बघत होते. मुलगी म्हणाली, “आजोबा, गांधीजी १९३० मध्ये साठ वर्षांचे होते. काठी घेऊनच साबरमतीहून दांडीपर्यंत चालले. चोवीस दिवस!” अण्णा हसले. म्हणाले, “दांडी राहू दे, दुधाच्या केंद्रापर्यंत जाऊन येऊ.”

पहिल्या दिवशी तेवढंच. मग हळूहळू बाग, मग वाचनालय. शहरात काठी नेणं सोपं नाही, हेही कळलं. ओल्या फरशीवर झिजलेलं रबर घसरतं, म्हणून ते बदलावं लागतं. गटाराच्या जाळीत टोक अडकतं. बसमध्ये एका हाताने दांडी धरायची तर काठी कुठे ठेवायची? आम्ही मुठीखाली दोरीचा फास बांधला, तो मनगटात अडकवतात. कुणी मदत म्हणून काठीच ओढतं, तेव्हा अण्णांचा तोल जातो. मुलांनो, मदत करायची तर “हात देऊ का?” असं आधी विचारा आणि आपला दंड पुढे करा.

मागच्या आठवड्यात बागेत एका गृहस्थांनी विचारलं, “काय सुंदर काठी आहे! कुठून घेतलीत?”

अण्णा जरा ताठ उभे राहिले. “विकत मिळत नाही ती. आमच्या नातीने केली आहे.”

त्या गृहस्थांचाही गुडघा दुखतो म्हणे. जिन्याखाली एक नवी फांदी वाळत पडली आहे.