गाव तेच, पत्ता शिळा: सर्च इंडेक्समधली साधित फील्ड्स

सर्च इंडेक्स ताजा ठेवायचा म्हणजे बदललेली रेकॉर्ड्स पुन्हा भरायची, एवढं आपल्याला माहीत आहे. पण 'बदललेलं' ओळखायचं कसं? त्यासाठी आज येरमाळ्याला जाऊ. येडेश्वरीचं येरमाळा, धुळे-सोलापूर महामार्गावरचं.

समजा, आपण गावं शोधायची सोय केली. डेटाबेसमध्ये तीन तक्ते आहेत: गावं, तालुके, जिल्हे. गावाच्या ओळीत फक्त नाव आणि तालुक्याचा क्रमांक. इंडेक्समध्ये मात्र आपण अख्खा पत्ता घालतो: 'येरमाळा, ता. कळंब, जि. उस्मानाबाद'. हा पत्ता कुणी टाइप केलेला नाही, तीन तक्ते जोडून तो तयार होतो. म्हणून हे साधित फील्ड.

सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आपल्या डेटाबेसमध्ये किती ओळी बदलल्या? एक. जिल्ह्यांच्या तक्त्यातली. आणि रात्री चालणारा आपला प्रोग्राम विचारतो, 'कालपासून बदललेली गावं कोणती?' उत्तर येतं, एकही नाही. कारण येरमाळ्याची ओळ तशीच आहे, तिच्यावरची तारीखही जुनीच. बदलला तो पत्ता, आणि पत्त्याला स्वतःची तारीखच नाही. आता कुणी 'येरमाळा धाराशिव' असं शोधलं, तर गाव सापडत नाही. चूक कुठेच दिसत नाही, लॉग स्वच्छ असतो. धोका आहे तो इथेच.

मग सगळा इंडेक्स रोज नव्याने भरावा का? लहान असेल तर खुशाल भरा. पण ल्युसीनवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये मजकुराचं एक फील्ड बदलायचं म्हटलं, तरी जुनं डॉक्युमेंट रद्द करून अख्खं नवीन लिहावं लागतं. लाखोंच्या घरात ते महागात पडतं.

पहिला उपाय: उलटी यादी. कोणतं साधित फील्ड कुठल्या तक्त्यांवर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचं. जिल्हा बदलला, की त्याखालचे तालुके, त्यांखालची गावं, सगळी रांगेत. हे चटकन होतं. पण यादीत एखादं नातं लिहायचं राहिलं, तर फसलो.

म्हणून दुसरा उपाय: हॅश. प्रत्येक गावाचं पूर्ण डॉक्युमेंट तयार करायचं, त्याचा हॅश काढायचा आणि मागच्या हॅशशी ताडून बघायचा. वेगळा असेल तरच इंडेक्समध्ये लिहायचं. इथे आपण मूळ ओळ तपासत नाही, तयार झालेला माल तपासतो. कारण कुठलंही असो, फरक पकडला जातो. शुद्धलेखनाचा नियम प्रोग्राममध्ये बदलला, तरीसुद्धा!

दोन पथ्यं मात्र पाळा. इंडेक्स केल्याची वेळ हॅशमध्ये घेऊ नका, नाहीतर रोज सगळंच बदललेलं दिसेल. आणि नवा हॅश जपून ठेवायचा तो इंडेक्सने 'लिहिलं' असं कळवल्यावरच. आधी ठेवला आणि लिहिणं फसलं, तर ते गाव कायमचं शिळं राहील.

आपण दोन्ही वापरू: दिवसा उलटी यादी, आठवड्यातून एकदा हॅशची झडती. झडतीत जे सापडेल, ते यादीत काय राहिलं होतं तेच सांगेल.

जाता जाता एक. जुनं नाव पुसू नका. लोकांच्या जुन्या कागदांवर उस्मानाबादच आहे, आणि ते लिहून शोधणाऱ्यालाही येरमाळा सापडलंच पाहिजे.