माशीच्या मागे धावू नका!

दोस्तांनो, नांदेडला तुमच्या गच्चीवर चार कुंड्या आहेत? लातूरला घरामागे परसात शेवगा, तुळस, भोपळ्याचा वेल आहे? मग मधमाश्या तुमच्याकडे येतातच. त्यांचा अगदी जवळून फोटो काढायला आवडेल?

बहुतेक जण काय करतात, तर मोबाइल घेऊन माशीच्या मागे धावतात. फोटोत येतो नुसता पिवळा फराटा! येणारच. सातेरी माशीचे पंख एका सेकंदात दोनशेहून जास्त वेळा हलतात. तिच्याशी शर्यत कशाला लावायची? त्यापेक्षा फूल निवडा आणि वाट पाहा.

फूल कोणतं? सूर्यफूल! एखाद्या जुन्या बादलीत चार बिया लावा. साधारण दोन महिन्यांत फूल येईल. गंमत म्हणजे ते एक फूल नसतंच. मधल्या तबकात शेकडो चिमुकली फुलं दाटीनं बसलेली असतात. ती कडेकडून आत अशी ओळीनं उमलत जातात. म्हणून माशी आली की लगेच उडत नाही. एकेका फुलात सोंड घालत गोल फिरत राहते. तेवढ्यात तुमचा फोटो!

फोटो असा काढा

सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली. तुमची सावली फुलावर पडू देऊ नका. हात थरथरत असेल तर कोपर गुडघ्यावर टेका. झूम करू नका, फोटो धुरकट येतो. त्याऐवजी मोबाइलच्या लेन्सपुढे छोटं भिंग धरा. इतक्या जवळून फक्त दोन-चार मिलिमीटर भागच स्पष्ट दिसतो. म्हणून नेम धरायचा तो माशीच्या डोळ्यावर. एक फोटो काढून थांबू नका, भराभर वीस काढा. त्यातला एक तरी साधतोच.

आता तो फोटो मोठा करून पाहा. माशीच्या मागच्या पायांवर परागांचे पिवळे गोळे दिसतील. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे, डोक्यावर आणखी तीन बारके डोळे सापडतात का पाहा. आणि हो, तिच्या मोठ्या डोळ्यांवरसुद्धा केस असतात!

माशी कोणती, तेही ओळखा. सातेरी सुमारे एक सेंटिमीटरची. फुलोरी तिच्याहून लहान. आग्या चांगली दीड-दोन सेंटिमीटर लांब. फुलावर कामात गुंतलेली माशी सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पण पोळ्याजवळ फोटो काढायला मुळीच जाऊ नका, आग्या माश्यांच्या तर नाहीच नाही. माशीवर फुंकर मारू नका, हात झटकू नका. चावलीच तर काटा नखानं लगेच खरवडून काढा आणि घरी सांगा. चेहरा सुजला किंवा श्वास अडखळला, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

माशी आलीच नाही तर?

मराठवाड्यात सूर्यफुलाची शेती होते. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रानं सूर्यफुलाचे वाणही तयार केले आहेत. या पिकाला एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर न्यायला माश्या लागतात. माश्या कमी असल्या तर शेतकऱ्यांना सल्ला असतो, की सकाळी हाताला तलम कापड गुंडाळून उमललेल्या फुलांवरून हळुवार फिरवा. विचार करा, अख्ख्या शेतातल्या एकेका फुलावरून हात फिरवायचा! जे काम माशी फुकट करते, त्यासाठी माणसाला केवढा खटाटोप!

हे स्वतः पडताळून पाहायचंय? दोन झाडं लावा. एकाच्या कळीवर मलमलची पिशवी सैलसर बांधा, दुसरं फूल मोकळं ठेवा. दाणे पिकले की दोन्हीतले शंभर-शंभर दाणे सोला. भरलेले किती, पोचट किती, ते मोजून वहीत लिहा. शेजारी तुमचा फोटो चिकटवा.

ती वही आई-बाबांना दाखवा. तुमची शेती असेल तर आजोबांना, काकांनाही दाखवा. आणि एक विनंती करा : पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नका. अगदीच गरज पडली, तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारा. दुपारच्या फवाऱ्यात फुलावर बसलेली माशीही मरते, आणि मग कापड गुंडाळायची वेळ आपल्यावर येते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो. माश्या पोळं थंड ठेवायला पाणी नेतात. तेव्हा एका पसरट थाळीत खडे घालून थोडं पाणी ठेवा. खड्यावर बसून त्या पाणी पितील. फूल नसलं तरी तुम्हाला फोटो मिळेल, आणि त्यांना पाणी!