ड्राउ : जन्मानेच व्हिलन?

रूमचं दार बंद, आत पाच-सहा जण, मध्ये फासे, आणि मधूनच कोणीतरी ओरडतं, "वीस पडले, वीस!" हे ऐकून कोणाही रेक्टरसरांना वाटणार की आत जुगार चाललाय. पण सर, विश्वास ठेवा, ही पोरं पैसे लावत नाहीत, ती फक्त एका गुहेत शिरलेली असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग गेम गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ मध्ये आणला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि वार लागला की हुकला ते फासा ठरवतो. प्रत्येकाकडे एक कागद असतो, त्याला म्हणतात कॅरेक्टर शीट. त्यावर नाव, वंश, ताकद, अक्कल वगैरे लिहायचं. शिवाय एक रकाना असतो अलाइनमेंटचा : तुम्ही चांगले की वाईट, नियम पाळणारे की मोडणारे. हा रकाना खेळाडूने स्वतः भरायचा असतो. पण एका वंशासाठी तो बरीच वर्षं आधीच छापून यायचा. तो वंश म्हणजे डार्क एल्फ, अर्थात ड्राउ. (काहीजण 'ड्रो' म्हणतात, त्यावरून भांडू नये.)

हे आले कुठून?

सुरुवात आइसलँडमध्ये. तिथल्या स्नोरी स्टर्लुसन या कवी-राजकारण्याने इसवी सन १२२० च्या सुमारास नॉर्स देवांच्या कथांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात एल्फ लोकांचे दोन प्रकार आहेत. एक उजेडातले, सूर्याहून देखणे. दुसरे जमिनीखाली राहणारे, डांबराहून काळे. बस्स! या दुसऱ्यांबद्दल ना शहर, ना राणी, ना लढाया. पुढे स्नोरी काळ्या एल्फांच्या मुलखात चक्क बुटक्या कारागिरांना राहताना दाखवतो, म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की त्याचे डार्क एल्फ म्हणजे ते बुटकेच. काहींना यात ख्रिस्ती देवदूत आणि सैतानाची सावली दिसते, कारण स्नोरीच्या आधी दोनशे वर्षं आइसलँड ख्रिस्ती झालं होतं.

'ड्राउ' हा शब्द मात्र स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांकडचा. तिथे टेकड्यांखाली राहणाऱ्या खोडकर भुताटकीच्या लोकांना 'ट्राउ' म्हणतात, त्याचंच हे दुसरं रूप. गायगॅक्सला हा शब्द एका जाड्या डिक्शनरीत सापडला असं त्यानेच नंतर सांगितलं.

तिसरे आपले टोल्किन. त्यांच्या 'सिल्मरिलियन'मध्ये (१९७७) डार्क एल्फ आहेत, पण तिथे 'डार्क' हा रंग नाहीच. देवांच्या देशात दोन झाडांचा प्रकाश होता, तो ज्यांनी कधी पाहिला नाही ते डार्क. म्हणजे एका प्रवासात जे तिथवर पोहोचलेच नाहीत, ते. वाईटपणाचा त्यात काही संबंध नाही.

आता बघा, एकाच शब्दाचे किती अर्थ झाले! स्नोरीकडे राहण्याची जागा आणि रंग, टोल्किनकडे न पाहिलेला प्रकाश. गायगॅक्सने त्यात तिसरी गोष्ट मिसळली : चारित्र्य.

कोळ्यांची राणी

१९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये ड्राउंबद्दल जेमतेम काही ओळी होत्या. १९७८ मध्ये छापील साहसांची एक मालिका आली. राक्षसांच्या हल्ल्यांमागे कोण आहे हे शोधत खेळाडू जमिनीखाली खोल उतरतात आणि तिथे ड्राउंचं अख्खं शहर सापडतं. काळी कातडी, पांढरे केस, लोल्थ नावाची कोळ्यांची राणी, बायकांचं राज्य आणि विषारी बाण. त्यांची जादूची शस्त्रं सूर्यप्रकाशात आणली की निकामी होतात, म्हणजे लुटून आणली तरी उपयोग शून्य! खेळाडू जाम खूश झाले.

पुढे आर. ए. साल्वाटोर या लेखकाने मेन्झोबेरॅन्झन हे वीस हजार ड्राउंचं शहर बारकाईने रंगवलं. तिथला कायदा असा : एका घराण्याने दुसरं घराणं संपवलं तर गुन्हा नाही. पण तक्रार करायला एक जरी सरदार जिवंत राहिला, तर हल्ला करणारेच संपले. थोडक्यात, कॉपी केल्याबद्दल नाही, पकडला गेल्याबद्दल शिक्षा.

मला सगळ्यात भारी वाटतं ते त्यांचं घड्याळ. जमिनीखाली सूर्य नाही, मग वेळ कशी कळणार? शहरात नार्बोन्डेल नावाचा दगडी खांब आहे. रोज ठरलेल्या वेळी शहराचा मुख्य जादूगार त्याचं बूड तापवतो आणि उष्णता हळूहळू वर चढते. ड्राउंना उष्णता दिसते, म्हणजे आपल्या भाषेत इन्फ्रारेड. खांब कुठपर्यंत तापलाय ते पाहिलं की वेळ कळली. हीट ट्रान्सफरच्या पेपरला विचारावं असं उदाहरण आहे! पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत उष्णता दिसण्याचा नियमच काढून टाकला आणि बिचारं घड्याळ लटकलं.

पण एक मिनिट...

कायम अंधारात राहणारे खरे प्राणी कसे असतात? स्लोव्हेनियाच्या गुहांमधला ओल्म किंवा मेक्सिकोतले आंधळे गुहामासे बघा. फिकट, जवळजवळ पांढरे. ऊनच नाही तर रंगद्रव्य हवंय कशाला? म्हणजे विज्ञानाच्या हिशोबाने ड्राउ पांढरेफटक असायला हवेत. त्यांचा काळा रंग अंधारातून आलेला नाही. नंतरच्या गेम-पुराणात तर तो सरळ शाप म्हणून सांगितला : हे लोक दुष्ट झाले, म्हणून काळे झाले. आणि मग त्यांचं प्रत्येक मूल तसंच काळं, तसंच दुष्ट. इथे खेळ थोडा कडू लागायला लागतो, नाही का? 'गोरी वधू पाहिजे' छापणाऱ्या देशात तर लागायलाच हवा.

ही गोष्ट पहिल्यांदा आतूनच फोडली ती ड्रिझ्ट डो'उर्डन या पात्राने. साल्वाटोरच्या 'द क्रिस्टल शार्ड'मध्ये (१९८८) तो खरं तर हिरोचा साथीदार म्हणून आला आणि हिरोलाच खाऊन गेला. जांभळे डोळे, दोन तलवारी, सोबत काळा बिबट्या. 'होमलँड'मध्ये (१९९०) त्याचा जन्म दाखवलाय. तिसरा मुलगा म्हणून त्याचा लोल्थला बळी द्यायचा असतो, पण नेमक्या त्याच क्षणी एक भाऊ दुसऱ्याला मारतो आणि हा दुसऱ्या नंबरवर येऊन वाचतो! मोठा झाल्यावर तो शहर सोडतो. वर उजेडात आला तरी लोक आधी कातडी बघतात, मग धनुष्य उचलतात. त्याला आपलं म्हणणारा पहिला माणूस भेटतो तो आंधळा असतो. यापुढे काही सांगायची गरज आहे?

कॉम्प्युटर गेम्सनीही हेच विचारलं. 'बाल्डर्स गेट २'मध्ये (२०००) जमाव व्हिकोनिया या ड्राउ बाईला जाळायला निघालेला असतो. सोडवायचं की बघत बसायचं, ते तुम्ही ठरवायचं. 'मॉरोविंड'मध्ये (२००२) तर उलटंच. अख्खं बेट डार्क एल्फांचं. ते शेती करतात, दुकान चालवतात, आणि परके असता तुम्ही.

शेवटी २०२० च्या जूनमध्ये प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने जाहीरपणे मान्य केलं, की ड्राउ आणि ऑर्क यांना सरसकट दुष्ट दाखवणं हे खऱ्या जगातल्या लोकांवर मारलेल्या शिक्क्यांसारखंच होतं. २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्दही बदलून 'प्रजाती' केला. काही जुने खेळाडू चिडले : व्हिलनच नसतील तर मारायचं कोणाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर सोपं आहे. लोल्थची पुजारीण आजही व्हिलन आहेच. ती काय करते त्यामुळे, ती कोणाच्या पोटी जन्मली त्यामुळे नाही. आणि व्हिलन म्हणून ती जास्त खतरनाक आहे, कारण तिने निवड केलेली आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी कॅरेक्टर शीट भरताना ड्राउ जरूर घ्या. फक्त दोन तलवारी आणि बिबट्या नको, ते झालंय. आणि अलाइनमेंटचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल